हॉकिन्स, लेस्टर, पार्कर, रॉलिन्स, कोल्ट्रेन: मोठा कोण?

मंडळी, जॅझमधल्या या पाच सॅक्सोफोनवादकांत मोठा कोण, या आजच्या विषयावरचा एक आक्षेप व्याख्यानाआधीच माझ्यापर्यंत पोचला. कलावंतांची तुलना करू नये, प्रत्येक जण आपापल्या जागी मोठा असतो, असा तो आक्षेप. मला तो मान्य नाही. ‘आपापल्या जागी मोठा’ असं म्हटलं की पुढचं ऐकायची गरजच उरत नाही. ती जागा कोणती, तिथे आधी कोण होतं, याने ती कशी मिळवली, हे प्रश्न विचारल्याशिवाय मोठेपणाला काही अर्थ नाही. जॅझमध्ये तर ही तुलना समीक्षकांच्या आधी वादकांनीच सुरू केली. रात्रीचा कार्यक्रम संपला की खरी मैफल सुरू व्हायची, तिला जॅम सेशन म्हणतात. एकाच गाण्यावर एकामागून एक वादक उभे राहायचे आणि पहाटेपर्यंत एकमेकांना जोखायचे.

अशीच कॅन्सस सिटीतली एक रात्र जॅझच्या इतिहासात फार गाजलेली आहे. काळ १९३०च्या दशकाची सुरुवात. ती गोष्ट मेरी लू विल्यम्स या थोर पियानोवादक बाईंनी सांगितली आहे. न्यू यॉर्कहून फ्लेचर हेंडरसनचा वाद्यवृंद गावात आलेला. त्यातला टेनर, म्हणजे खालच्या भरदार आवाजाच्या, सॅक्सोफोनचा वादक कोलमन हॉकिन्स म्हणजे त्या वाद्याचा तेव्हाचा अनभिषिक्त राजा. कार्यक्रमानंतर तो चेरी ब्लॉसम नावाच्या क्लबात गेला. तिथे स्थानिक पोरं होती : बेन वेबस्टर, हर्शल इव्हान्स आणि लेस्टर यंग. पहाटे चारच्या सुमारास मेरी लूच्या खिडकीची जाळी कुणीतरी खरवडली. बाहेर बेन वेबस्टर उभा. चल लवकर, सगळे पियानोवाले दमले, हॉकिन्स सदरा काढून अजून वाजवतोय. मेरी लू गेली तेव्हा हॉकिन्स बनियनवर होता आणि ही पोरं काही केल्या हटत नव्हती. दुसऱ्या दिवशी सेंट लुईला कार्यक्रम, निघायला उशीर झालेला. त्या धावपळीत हॉकिन्सने आपली नवी कॅडिलॅक पळवून पळवून तिचं इंजिन जाळलं, असं मेरी लू सांगते.

या गोष्टीत थोडं मीठमसाला असेल. पण तिच्यातला मुद्दा पक्का आहे. त्या रात्री हॉकिन्सला कुणी अधिक वेगाने किंवा अधिक जोरात वाजवून हरवलं नाही. तसं वाजवून त्याला हरवणं अशक्यच होतं. लेस्टर यंग नावाचा एक पंचविशीच्या आतला मुलगा त्याच्यासमोर वेगळंच काहीतरी वाजवत होता, आणि पहाटेपर्यंत ते संपत नव्हतं. मला आज जे सांगायचं आहे ते या मुलाभोवतीच फिरणार आहे.

तुलना करायची तर पद्धत हवी. आपण एकच राग, एकच बंदिश चार गवयांकडून ऐकतो, तेव्हा प्रत्येकाचा स्वभाव लख्ख दिसतो. इथे मी एकच गाणं घेतो : ‘बॉडी अँड सोल’. जॉनी ग्रीन यांनी १९३० साली चाल दिलेलं हे प्रेमगीत. रचना ३२ बारांची, बार म्हणजे इथे चार ठोक्यांचा एक खण. आठ बारांचा मुखडा दोनदा, मग आठ बार वेगळे, मग पुन्हा मुखडा. हे एक पूर्ण आवर्तन झालं की जॅझवाले त्याला एक कोरस म्हणतात. या गाण्याची खुबी मधल्या आठ बारांत आहे. गाणं डी फ्लॅट या पट्टीत चाललेलं असतं, तिथे ते एकदम अर्ध्या स्वराने वर डीमध्ये जातं, मग सीमध्ये उतरतं आणि अगदी शेवटच्या क्षणी मूळ पट्टीत परत येतं. कच्च्या वादकाचं पितळ इथे उघडं पडतं.

पण आधी वाद्याबद्दल दोन शब्द. अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण आवाज उठतो तो तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पट्टीतून, म्हणजे रीडमधून. लष्करी बँडांनी ते उचललं. न्यू ऑर्लिन्सच्या सुरुवातीच्या जॅझमध्ये मात्र मान होता कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनला. सिडनी बेशेचा सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाचा सॅक्सोफोन, हा मोठा अपवाद. १९२०च्या दशकात टेनर सॅक्सोफोन बऱ्याचदा प्रेक्षकांना हसवण्यासाठी वाजे. रीडवर जीभ आपटून फटफट आवाज काढायचे, घोड्याचं खिंकाळणं, कोंबडीचं कलकलणं. हेंडरसनच्या वाद्यवृंदातल्या हॉकिन्सच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांतही ती फटफट ऐकू येते. पुढच्या दहा वर्षांत या एका माणसाने त्याच वाद्यातून चेलोसारखा भरदार, कंपन असलेला, छातीतून येणारा आवाज काढला. टेनर सॅक्सोफोन हे गंभीर वाद्य आहे ही समजूत हॉकिन्सच्या फुफ्फुसांतून आली आहे.

१९३४ साली तो युरोपला गेला आणि पाच वर्षं तिकडेच राहिला. १९३९ साली परतला, आणि ११ ऑक्टोबरला न्यू यॉर्कच्या स्टुडिओत त्याने ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित केलं. हे तुकड्या-तुकड्याने ऐकण्यासारखं आहे. जीन रॉजर्सच्या पियानोचे चार बार, मग हॉकिन्स. पहिल्या काही बारांत गाणं ओळखू येतं. त्यानंतर मूळ चाल जी जाते ती शेवटपर्यंत परत येत नाही. हॉकिन्स प्रत्येक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा जुडगा, उघडतो, तिच्यातले स्वर एकेक करून वरखाली लावतो, आणि ती कॉर्ड संपायच्या आत पुढचीत पाय ठेवतो. सुरुवातीला आवाज जवळ बसून बोलल्यासारखा. दुसऱ्या कोरसात त्याला ताकद चढत जाते, वाक्यं लांबत जातात, आणि शेवटच्या आठ बारांत तो वरच्या सप्तकात जाऊन जवळजवळ आर्त होतो. दोन कोरस, ६४ बार, सुमारे तीन मिनिटं. मूळ चाल जवळजवळ न वाजवलेली ही ध्वनिमुद्रिका सामान्य लोकांनी पैसे देऊन घेतली, ज्यूकबॉक्समध्ये नाणी टाकून ऐकली. सबंध बौद्धिक अशी एक उपज लोकप्रिय होऊ शकते, हे तिथे सिद्ध झालं.

मग हॉकिन्स सर्वांत मोठा म्हणायचा का? वाट त्याने पाडली, त्यामुळे हे म्हणणं सोपं आहे. हॉकिन्सबद्दलचा माझा आदर आणखी एका कारणाने वाढतो. १९४४ साली बीबॉपचं, म्हणजे वेगवान आणि गुंतागुंतीच्या जॅझचं, नवं वारं आलं, तेव्हा त्याच्या पिढीतले बहुतेक जण नाकं मुरडत होते. याने त्या पोरांना सोबत घेऊन ध्वनिमुद्रण केलं, थेलोनिअस मंक या विक्षिप्त समजल्या जाणाऱ्या पियानोवादकाला काम दिलं. मंक ते विसरला नाही. १९५७ साली त्याने आपल्या ध्वनिमुद्रणासाठी हॉकिन्सला बोलावलं, आणि शेजारी उभा केला तिशीतला जॉन कोल्ट्रेन. त्यातल्या एका गाण्यात मंक ‘कोल्ट्रेन! कोल्ट्रेन!’ असं ओरडल्याचं स्पष्ट ऐकू येतं, आणि कोल्ट्रेन घाईने शिरतो. टेनर सॅक्सोफोनची दोन टोकं एका खोलीत.

तरीही हॉकिन्सला मी पहिला मानत नाही.

१९३४ साली हॉकिन्स युरोपला गेला तेव्हा हेंडरसनच्या वाद्यवृंदात त्याची खुर्ची रिकामी झाली. अमेरिकेतल्या टेनरवादकासाठी याहून मोठी नोकरी नव्हती. ती लेस्टर यंगला मिळाली. बाकीच्या वादकांनी तक्रार सुरू केली की याचा आवाज बारीक आहे, हा टेनर आल्टोसारखा, म्हणजे त्याहून वरच्या आवाजाच्या सॅक्सोफोनसारखा वाजवतो, आम्हाला हॉकिन्ससारखा माणूस हवा. हेंडरसनची बायको लिओरा ही स्वतः वादक. लेस्टर त्यांच्याच घरी राहत होता. ती त्याला सकाळी उठवून हॉकिन्सच्या ध्वनिमुद्रिका ऐकवायची, हे असं वाजवता येत नाही का, म्हणून. तिचा हेतू चांगलाच होता, त्याची नोकरी टिकावी हा. लेस्टर ऐकून घ्यायचा आणि रात्री पुन्हा आपलंच वाजवायचा. काही महिन्यांत त्याने नोकरी सोडली. जाताना त्याने हेंडरसनकडे एवढंच मागितलं की मला काढलेलं नाही असं पत्र द्या.

हे नीट ध्यानात घ्या. तेव्हा टेनर सॅक्सोफोन वाजवायची एकच रीत जगाला ठाऊक होती. ती रीत चांगली होती, सुंदर होती, आणि तिच्यात पैसा होता. सदोष रीतीविरुद्ध बंड करणं त्या मानाने सोपं. एका उत्तम रीतीसमोर उभं राहून, मला हे नको, माझ्या कानाला दुसरं ऐकू येतंय, असं म्हणायला आणि त्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला वेगळीच खात्री लागते.

ते ‘दुसरं’ काय होतं? दोन वर्षांनी, १९३६ साली, शिकागोत काउंट बेसी या वाद्यवृंदप्रमुखाच्या मंडळीतले पाच जण एकत्र आले आणि त्यांनी ‘लेडी बी गुड’ ध्वनिमुद्रित केलं. लेस्टरची ही पहिलीच ध्वनिमुद्रणं. वय २७. इथेही ६४ बार आहेत, म्हणजे हॉकिन्सच्या ‘बॉडी अँड सोल’इतकेच. पण कारभार वेगळा. लेस्टर प्रत्येक कॉर्डच्या दारात थांबत नाही. तो चारपाच कॉर्डांवरून एकच ओळ काढतो, आणि ती ओळ गुणगुणता येते. आवाजात कंप जवळजवळ नाही. एखादा स्वर तो पुन्हा पुन्हा लावतो, पण बोटं बदलून, त्यामुळे तोच स्वर दर वेळी निराळ्या रंगाचा ऐकू येतो. आणि तो थांबतो. बारच्या पहिल्या ठोक्यावर सगळे उतरणार असं वाटत असताना हा गप्प असतो आणि अर्ध्या ठोक्याने मागाहून येतो. गाण्याचे शब्द पाठ असल्याशिवाय ते वाजवू नये, असं तो मानायचा. त्याच्या वाक्यांना श्वास असतो तो त्यामुळे.

आता आपल्या गाण्याकडे. १९४२ साली लेस्टरने ‘बॉडी अँड सोल’ वाजवलं. पियानोवर नॅट किंग कोल, बासवर रेड कॅलेंडर, ड्रम नाहीतच. हॉकिन्सची ध्वनिमुद्रिका येऊन तीन वर्षं झाली होती आणि अमेरिकेतल्या प्रत्येक टेनरवादकाला ती पाठ होती. अशा वेळी त्याच गाण्याला हात घालायचा म्हणजे धाडस. लेस्टर हॉकिन्सशी भांडत नाही, त्याला उत्तरही देत नाही. तो मूळ चालीच्या जवळ राहतो, तिला थोडी सैल सोडतो, आणि जिथे हॉकिन्स आठ स्वर घालतो तिथे हा दोन घालून पुढे जातो. मधल्या त्या अवघड आठ बारांत पट्टी बदलते, तेव्हा हॉकिन्सचं प्रभुत्व आपल्याला जाणवतं. लेस्टर ऐकताना पट्टी बदलली हेच मुळी मागाहून कळतं.

माझं म्हणणं असं आहे की सॅक्सोफोनवादकांची तुलना लेस्टर यंगमुळेच शक्य झाली. त्याच्याआधी टेनरवर तुलना व्हायची ती हॉकिन्सच्या किती जवळ पोचलास याची. ती एका रांगेतली क्रमवारी होती. लेस्टरने दुसरी वाट दाखवली आणि ती तितकीच खोल आहे हे सिद्ध केलं, तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक वादकाला विचारावं लागलं की मी कोण? पुढचे सगळे मोठे वादक या प्रश्नाची लेकरं आहेत. गायिका बिली हॉलिडेने त्याला ‘प्रेझ’ म्हणजे राष्ट्राध्यक्ष हे नाव दिलं, आणि तिला ‘लेडी डे’ हे नाव त्याने दिलं. जॅझवाले त्याला आजही प्रेझच म्हणतात.

दोघांना एकाच ठिकाणी, एकाच गाण्यात ऐकायचं असेल तर तीही सोय आहे. ८ डिसेंबर १९५७ रोजी सीबीएस या अमेरिकी दूरचित्रवाणीवर जॅझचा एक थेट कार्यक्रम झाला. त्यात बिली हॉलिडे ‘फाइन अँड मेलो’ हा बारा बारांचा ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या व्यथागीतांचा प्रकार, गाते, आणि तिच्याभोवती अर्धगोलात वादक : बेन वेबस्टर, लेस्टर यंग, जेरी मलिगन, कोलमन हॉकिन्स. याची चित्रफीत आज सहज सापडते, जरूर पाहा. लेस्टर ४८ वर्षांचा आहे पण दिसतो कितीतरी म्हातारा. १९४४ साली त्याला सक्तीने सैन्यात नेलं, अमली पदार्थ बाळगल्यावरून कोर्ट मार्शल झालं, जॉर्जियातल्या लष्करी तुरुंगात काही महिने काढावे लागले. त्या काळात दक्षिणेतल्या लष्करी छावणीत कृष्णवर्णीय कैद्याच्या वाट्याला काय येत असेल ते सांगायला नको. त्यानंतर दारू वाढत गेली. या कार्यक्रमातही प्रकृतीमुळे त्याचा भाग कमी करावा लागला होता. आधी वेबस्टर वाजवतो, दमदार, श्वासाने ओथंबलेलं. मग लेस्टर उठून उभा राहतो. एकच कोरस, बारा बार. मोजकेच स्वर, संथ. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो, ती मान हलवते आहे, ओठांवर हसू आहे, जणू तिचंच वाक्य दुसरं कुणी पुरं करतंय. थोड्या वेळाने हॉकिन्स येतो, आणि त्याचं वाजवणं निर्दोष आहे, भरगच्च आहे, एक दाणा इकडचा तिकडे नाही. मी दोन्ही अनेकदा ऐकलं आहे. हॉकिन्सचे बारा बार ऐकून मी थक्क होतो. लेस्टरचे बारा बार मला पाठ आहेत. मार्च १९५९ मध्ये लेस्टर गेला, जुलैत बिली गेली.

आता चार्ली पार्कर. बहुतेक जण पहिलं नाव याचंच घेतील, आणि त्याला भक्कम आधार आहे. जन्म १९२० सालचा, कॅन्सस सिटीचा. सोळाव्या वर्षी रेनो क्लबातल्या जॅम सेशनमध्ये तो भलतीकडे भरकटला, तेव्हा ड्रमवाल्या जो जोन्सने त्याच्या पायांशी झांज फेकून त्याला खाली उतरवलं. पुढच्या उन्हाळ्यात, १९३७ साली, ओझार्क डोंगराळ भागातल्या एका हंगामी बँडात काम मिळालं. तिथे जाताना त्याने काय नेलं? लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका. त्या ऐकून ऐकून त्याने सगळ्या उपजा आल्टोवर बसवल्या. परत आला तेव्हा लोकांना ओळखू येईना. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी त्याने ‘को-को’ ध्वनिमुद्रित केलं. मिनिटाला ३००च्या आसपास ठोक्यांची लय, ‘चेरोकी’ या गाण्याच्या कॉर्ड, आणि त्यावर पार्करच्या अशा ओळी की संथ करून ऐकल्या तरी प्रत्येक वळण चालीसारखं वाटतं. वेग हा त्याचा मोठेपणा नव्हे. वेग पुढे सगळ्यांना आला, आज जॅझ शिकवणाऱ्या महाविद्यालयांतली विशीतली मुलंमुली त्या वेगात वाजवतात. पार्करने त्या वेगात वाक्यरचना केली, जोर कुठे द्यायचा ते बदललं, आणि त्यानंतर पियानोवाला असो की ट्रम्पेटवाला, सगळ्यांचं व्याकरण तेच झालं.

पण पार्करच्या मुळाशी कोण आहे ते २८ जानेवारी १९४६ च्या लॉस एंजेलिसमधल्या मैफलीत ऐकायला मिळतं. मंचावर पार्कर आहे आणि सैन्यातून नुकताच सुटून आलेला लेस्टरही आहे. गाणं तेच, ‘लेडी बी गुड’. दहा वर्षांपूर्वी ज्या ध्वनिमुद्रिकेवर हा शिकला, तिचाच धनी बाजूला उभा. पार्कर सुरुवात करतो ती अगदी सावकाश, ब्लूजच्या अंगाने, मोजक्या स्वरांनी. त्याला हवं तर पहिल्या बारापासून वीज पाडता आली असती. त्याने तसं केलं नाही. मला ते गुरुवंदन वाटतं. पार्कर १९५५ साली गेला तेव्हा ३४ वर्षांचा होता. मृतदेह तपासणाऱ्या डॉक्टरने वय पन्नासच्या पुढचं धरलं होतं.

आल्टोवरच्या आणखी एका माणसाबद्दल बोलायला हवं, तो म्हणजे ड्यूक एलिंग्टनचा जॉनी हॉजेस. त्याने कोणतीही क्रांती केली नाही. फक्त इतका देखणा आवाज कुणाचाच नव्हता. १९६३ साली एलिंग्टनचा वाद्यवृंद भारतात आला, मुंबईतही वाजवून गेला, त्यात हॉजेस होता. आपल्याकडे तोवर जॅझ चांगलं रुजलं होतं. १९३५ पासून ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक वाजवत होते, आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्याकडून शिकत गोव्याची पोरं. ती चर्चच्या शाळेत स्वरलिपी शिकलेली असायची, समोर कागद ठेवला की वाजवायची. कागद नसताना वाजवणं त्यांनी या परदेशी मंडळींकडून आणि ध्वनिमुद्रिकांवरून उचललं. गोव्याचा ब्राझ गोन्साल्विस हा त्या परंपरेतला अव्वल सॅक्सोफोनवादक, पार्कर आणि कोल्ट्रेन दोघेही पचवून रागांकडे वळलेला. पण या पिढीचं ध्वनिमुद्रण फारच थोडं झालं, आणि जे झालं त्यातलं बरंच हिंदी सिनेमाच्या पार्श्वसंगीतात निनावी विरघळलं. इथे तुलनेची एक मोठी मर्यादा दिसते. आपण तोलतो ते ध्वनिमुद्रित झालेल्यांनाच. पार्करला घडवणारा बस्टर स्मिथही ध्वनिमुद्रणात जवळजवळ सापडत नाही. त्याला कुठल्या क्रमांकावर ठेवायचं?

राहिले दोघे टेनरवाले, आणि वाद आजही पेटतो तो यांच्यावरूनच. २४ मे १९५६ रोजी सनी रॉलिन्सच्या ध्वनिमुद्रणाला जॉन कोल्ट्रेन सहज म्हणून आला होता. दोघांनी मिळून ‘टेनर मॅडनेस’ हा बारा मिनिटांचा ब्लूज वाजवला. दोघांचं एकत्र असं हे एकच स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण. कोल्ट्रेन चार वर्षांनी मोठा, पण त्या दिवशी पक्व वाटतो तो २५ वर्षांचा रॉलिन्स. कोल्ट्रेनचा आवाज धारदार, वाक्यं एकमेकांवर आदळणारी. रॉलिन्स एक छोटा तुकडा घेतो, उलटा करतो, लांबवतो, मध्येच सोडतो, पाच कोरसनंतर पुन्हा उचलतो. महिन्याभरात, २२ जूनला, त्याने ‘ब्लू सेव्हन’ ध्वनिमुद्रित केलं, आणि गुंथर शुलर या संगीतकाराने त्यावर एक सविस्तर लेख लिहिला. सबंध उपज एकाच बीजातून कशी वाढते हे त्याने दाखवलं होतं.

रॉलिन्सने आपलं ‘बॉडी अँड सोल’ १९५८ साली वाजवलं. पियानो नाही, बास नाही, ड्रम नाहीत. एकटा सॅक्सोफोन. हॉकिन्स हा त्याचा लहानपणापासूनचा देव. त्या देवाच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याशी त्याला एकट्याने भिडायचं होतं. कॉर्ड वाजत नाहीत, तरी आपल्याला त्या ऐकू येतात, इतकं त्याचं अंतर्गत घड्याळ पक्कं. आणि याच माणसाने पुढच्या वर्षी, कीर्तीच्या शिखरावर असताना, कार्यक्रम थांबवले. मी अजून पुरेसा चांगला नाही, असं त्याला वाटलं. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यू यॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर उभा राहून तो तासन् तास रियाज करायचा, हिवाळ्यातसुद्धा. १९६१ पर्यंत असं चाललं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा थांबला, तेव्हा भारतात येऊन पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहिला. १९७८ साली मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली, तिथेही तो वाजवून गेला.

कोल्ट्रेनचं ‘बॉडी अँड सोल’ १९६०चं. दरम्यान त्याने दारू आणि हेरॉइन सोडलं होतं, मंककडे धडे गिरवले होते आणि १९५९ साली ‘जायंट स्टेप्स’ वाजवलं होतं. सोळा बारांत २६ कॉर्ड, तीन पट्ट्या आणि घोडदौडीची लय. त्या ध्वनिमुद्रणात टॉमी फ्लॅनगनसारखा कसलेला पियानोवादक आपली पाळी आल्यावर अडखळतो, हे ऐकू येतं. तीच कॉर्डरचना कोल्ट्रेन ‘बॉडी अँड सोल’च्या मधल्या आठ बारांत बसवतो. मुखड्याखाली बास एकाच स्वरावर रोवून ठेवतो. मूळ गाण्यातली व्याकुळता जाते आणि तिच्या जागी निश्चय येतो. चार वर्षांनी, डिसेंबर १९६४ मध्ये, ‘अ लव्ह सुप्रीम’. त्यातला शेवटचा भाग म्हणजे त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे. तिचे शब्द तो उच्चारत नाही, एकेक अक्षर सॅक्सोफोनवर वाजवतो. इथे मला पुन्हा शब्द पाठ करून वाजवणारा लेस्टर आठवतो. १९६७ साली कोल्ट्रेन गेला, वय अवघं चाळीस.

ऑर्नेट कोलमनला मी थोडक्यात आटोपतो आहे, आणि त्याला त्याहून पुष्कळ जास्त वेळ मिळायला हवा. त्याने कॉर्डच काढून टाकल्या, पांढऱ्या प्लॅस्टिकच्या आल्टोवर १९५९ साली न्यू यॉर्क हादरवलं आणि २००७ साली पुलित्झर मिळवलं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तर माझा क्रम असा : लेस्टर, पार्कर, रॉलिन्स, कोल्ट्रेन, हॉकिन्स. मध्यंतरात एका तरुण श्रोत्याने विचारलं, की कोल्ट्रेन चौथा कसा? त्याचे अनुयायी तर सर्वांत जास्त. खरं आहे. १९६५ साली ‘डाउनबीट’ मासिकाच्या वाचकांनी त्याला जवळजवळ सगळेच मान एका वर्षात दिले होते. पण अनुयायी जास्त असणं हा माझ्या मोजमापात गुण धरला जात नाही. कोल्ट्रेनच्या मागून आलेल्या दोन पिढ्या त्याच्या आवाजात अडकल्या, जशी १९३४ पूर्वीची पिढी हॉकिन्समध्ये अडकली होती. लेस्टरच्या मागून स्टॅन गेट्झ आला, डेक्स्टर गॉर्डन आला, पार्कर आला, आणि डोळे मिटून ऐकलं तरी या तिघांना कुणी एकमेकांत मिसळणार नाही. रॉलिन्सला कोल्ट्रेनच्या वर ठेवण्याचं कारण आणखी साधं आहे. कोल्ट्रेनची उत्तम मैफल ऐकताना त्याने घरी केलेली अफाट मेहनत दिसते. रॉलिन्सच्या उत्तम मैफलीत त्याला पुढचं वाक्य आत्ता, आपल्यासमोर सुचताना ऐकू येतं, आणि उपजेचा कस मी तिथेच लावतो. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी रॉलिन्सचं १९५८चं आणि कोल्ट्रेनचं १९६०चं ‘बॉडी अँड सोल’ लागोपाठ ऐकून मग माझ्याशी वाद घालावा. मी तयार आहे.